पेटती फेणी

तिसरी काडी विझली तेव्हा मला घाम फुटला.

ओट्यावर पिळलेल्या अर्ध्या लिंबाची वाटी होती आणि त्या वाटीत चमचाभर माडाची फेणी. थंड दारू सहजासहजी पेट घेत नाही, म्हणून ती आधी चमच्यात धरून गॅसवर कोमट करून घेतली होती. काडी जवळ नेली की फेणी ढिम्म हलायची नाही आणि काडी मात्र विझायची. मी चौथी ओढली. तिचंही तेच झालं.

मग काजूच्या फेणीची बाटली काढली. तिला वास होता, नाकात जाऊन बसणारा. ही पेटणारच, याबद्दल मला शंका नव्हती. तीही पेटली नाही.

दुपारचे तीन वाजले होते आणि दिवेलागणीला बाबलमामा येणार होता.

मी तेव्हा आठ वर्षं प्रवासी जहाजांवरच्या बारमध्ये कामाला होतो. घरी "उल्हास जहाजार आसा" एवढंच सांगितलं जायचं, त्यामुळे आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांचा समज मी जहाज चालवतो असा होता. मीही तो कधी दुरुस्त केला नाही. त्या डिसेंबरात दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलो आणि येताना हौसेने फोटोंचा अल्बम घेऊन आलो. त्यात एक फोटो होता: पेल्यात अननसाचा रस, नारळाचं दूध आणि रम, वर तरंगणाऱ्या लिंबाच्या वाटीत निळी ज्योत, आणि मागे टाय लावून मी, आगीचा शोध मीच लावला असा चेहरा करून.

बाबलमामाने तो फोटो बराच वेळ निरखला. बाबलमामा म्हणजे आईचा चुलतभाऊ, पेडण्याचा. त्याची स्वतःची काजूची बाग होती, स्वतःची भट्टी होती. भट्टीतून उतरलेली फेणी कापडाच्या बोळ्यावर घेऊन तो पेटवून बघायचा. निळी ज्योत आली तरच माल बाटलीत जायचा. दर हंगामात दोन बाटल्या काजूची आणि एक माडाची अशी भेट तो आमच्या घरी पोचती करायचा. बहिणीला दिलेलं पुन्हा तिच्याच घरी बसून पिणं त्याला कमीपणाचं वाटे, म्हणून आमच्याकडे आला की तो फक्त चहा घ्यायचा.

"हेच्यात काय मोठां?" फोटो परत देत तो म्हणाला. "परदेशी दारवेक आग लागता, मगे आमच्या फेणीक काय पाणी समाजलंस?"

"तसां नाय, मामा. फेणीचोय करूक येता. अननस आपलो, नारळ आपलो."

"मगे करून दाखव. शनवारी येतंय. पण दारू माजीच होयी. तुज्या आवशीच्या कपाटात आसा ती. बाटली माज्यासमोर उघडूची."

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली, आईकडे पाहिलं आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले. तेव्हा त्या पाहण्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

तर अशी ती पैज होती, आणि मी पाच काड्या ओढून बसलो होतो. आई खाली आडाळ्यावर नारळ खवत होती. माझ्या अननसी कारभारासाठी तिने सकाळपासून तीन नारळ फोडले होते. शिरोड्याच्या बाजारातून बर्फही आणवला होता. फक्त तो मासेवाल्याकडचा निघाला, म्हणून दुसऱ्यांदा आणवला होता.

"आये," मी म्हटलं, "ही फेणी खराब झाली. पेटणा नाय."

आईने हातातली नारळाची भकल पुरी खवून संपवली. मग ती गुडघ्यावर हात टेकत उठली, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि कडी घातली. दिवसाउजेडी त्या दाराला कडी लागलेली मी कधी पाहिली नव्हती.

"खराब नाय झाली," ती हळू आवाजात म्हणाली. "पाणी आसा ता."

"पाणी?"

"उकळून गार केलेलां. दोन बोटां फेणी आणि बाकी पाणी. वासाक तेवडी पुरता."

"बाबा पाणी घालतत?"

"ते कित्याक घालतीत? मी घालतंय."

मी स्टुलावर बसलो. चार वर्षांपूर्वी बाबांच्या पोटात पाणी झालं होतं, सावंतवाडीच्या डॉक्टरांनी त्यांना पंधरा दिवस ठेवून घेतलं होतं आणि सोडताना दारूचा थेंबही घेऊ नका असं बजावलं होतं, हे मला पत्रातून कळलं होतं. बाबा संध्याकाळी अजून एक ग्लास घेतात, हे घरी आल्यावर दिसलं होतं. मला त्याचा रागच आला होता. आईने तरी का द्यावा, असंही वाटलं होतं.

"मगे खरी फेणी खंय गेली?"

"ढोपरांक."

"कोणाच्या?"

"माज्या. आणि वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या. फेणीन चोळला की बरां वाटता." तिने जरा विचार केला. "गोदाआक्का आता जिनो चढता."

"पण आये, पाणीच देवचां तर गिलास कित्याक? बंदच करून टाकूचो ना सगळो."

आई माझ्याकडे पाहत राहिली. जहाजावरून जग फिरून आलेला आपला मुलगा इतका कसा मठ्ठ, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"दिवसभर त्येंच्या तोंडातसून किती शब्द येतत ते तू बघतंस मा?"

मी बघत होतो. लहानपणापासून बघत होतो. बाबा दशावतारात होते. तीस वर्षं त्यांनी स्त्रीपार्टी कामं केली. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की ते कंपनीबरोबर बाहेर पडायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. त्यांची राणी रानात एकटी पडून रडायला लागली की देवळासमोर बसलेल्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. घरी मात्र त्यांचे ठरलेले शब्द होते. चाय. जेवान. खंय गेलां. आईला त्यांनी नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती. एका घरात दोन माणसं असली की हाक मारायची गरजच काय, असा त्यांचा हिशोब असावा.

"पण गिलास घेतलो की बोलतत," आई म्हणाली. "तू परवा ऐकलंस."

ऐकलं होतं. पडवीत बाबा ग्लास घेऊन खुर्चीत, आई खाली सुपात तांदूळ निवडत, आणि मी आतल्या खोलीत कपडे घड्या करत होतो. दोन घोट झाल्यावर बाबांचा आवाज आला. "द्वारके." आईचं नाव द्वारका हे मला माहीत होतं, पण ते बाबांच्या तोंडून आल्यावर क्षणभर घरात कोणी परकी बाई आली आहे असं वाटलं.

"द्वारके, तुजी आवस गेली तेव्हा माका निरोप पोचलो होतो. आरवलीत होतंय. तोंडाक रंग लावन झाललो. दुसरो गडी नाय होतो उभो ऱ्हवाक. मी तशीच राणी केलंय, आणि दुसऱ्या दिवशी येवचां ता तेराव्याक इलंय. तू काय बोलाक नाय. तू बोलाक होया होतां."

आजीला जाऊन तोवर कितीतरी वर्षं झाली होती. आईकडून तांदळातला खडा बाहेर टाकल्याचा आवाज तेवढा आला. मी आत घडी घातलेला शर्ट पुन्हा उलगडून पुन्हा घडी घातला. दारू बोलते आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

"चाळीस वरसां माणूस भिंतीसारको ऱ्हवलो," आई आता म्हणत होती. "म्हातारपणाक बोलूक लागलो. कदी माज्या आवशीची गजाल काढतत, कदी म्हणतत आजची सोलकडी बरी झाली, कदी म्हणतत तुज्या ढोपरांचां काय करूया. डॉक्टर म्हणता फेणी बंद करा. मी फेणी बंद केलंय. गिलास तेवडो चालू ठेवलंय. पाण्यानय त्येंका चढता."

आठ वर्षं मी लोकांना दारू ओतून देत होतो, आणि या बाईने स्वयंपाकघरात बसून मला कधी सुचलं नसतं असं पेय बनवलं होतं.

"आता आज ती पेटली नाय," आई म्हणाली, "तर बाबल गप ऱ्हवात? तेची फेणी ती. तो बाटली घेतलो, जिबेर लावतलो आणि भर खळ्यात बोंब मारतलो, पाणी आसा म्हणान. आणि ह्येंका कळला, की चार वरसां आपण पाणी पिऊन ह्या सगळां बोललंव, तर लाजेन परत तोंड उघडूचे नाय. मी ओळखतंय त्येंका." तिने लिंबाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "कसांय करून पेटव रे उल्हास. माज्यासाठी पेटव."

त्या क्षणापर्यंत मला माझ्या अब्रूची काळजी होती. ती तिथेच संपली; बाबांना काही कळू देणार नाही, असा शब्द मी तिला दिला.

मी पर्याय मोजायला लागलो. शिरोड्याहून रम आणून बाटलीत ओतली असती तर बाबलमामाने बूच उघडताच वासावर पकडली असती. फेणीला दुसऱ्या कुणाचं सोंग चालत नाही. पेडण्याला जाऊन खरी फेणी आणायची तर ती बाबलमामाच्याच घरून. डोक्याला हात लावून बसलो. आई उठून देवघरात गेली आणि एक छोटा डबा घेऊन आली. एका वाटीत पाणी घेतलं, डब्यातली कापराची वडी त्यावर सोडली आणि काडी लावली. कापूर पाण्यावर तरंगत धडधडून पेटला.

"देवळात परातीत सोडतत तशी," ती म्हणाली.

माझी जहाजावरची सगळी प्रशिक्षणं आणि प्रमाणपत्रं त्या वाटीपुढे फिकी पडली. पण मी धंद्यातला माणूस होतो, मला अडचणी दिसायला लागल्या.

"कापूर पोटात जावक नको."

"लिंबाच्या वाटयेत ऱ्हवात. विझली की वाटी काढून टाक."

"मामाक वडी दिसतली."

आईने फडताळातून खडीसाखर काढली आणि तिचे चार खडे कापराच्या वड्यांशेजारी ठेवले. कुठला कापूर आणि कुठली साखर, मलाही हात लावूनच कळलं असतं.

"आणि वास? कापराचो वास लपात खंय?"

"दिवेलागणीक माजी आरती आसता," आई म्हणाली. "घरभर कापूरच वास मारता तेव्हा."

दारूला आयुष्यात न शिवलेली माझी आई शांतपणे पुन्हा आडाळ्यावर बसली आणि उरलेला नारळ खवायला लागली.

एक अडचण मी तिला सांगितली नाही, कारण तिच्यावर इलाज नव्हता. फेणीची ज्योत निळी असते. कापराची पिवळी, काजळी धरणारी. जन्मभर भट्टीवर निळी ज्योत पारखत आलेला माणूस समोर बसणार होता.

बाबलमामा वेळेवर आला. धुतलेला सदरा, तेल लावलेले केस, तोंडावर परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबाची ऐट. बाबा पडवीतल्या खुर्चीत होते, त्यांनीही स्वच्छ लेंगा-सदरा घातला होता. मी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, टेबल मांडून त्यावर पोखरलेला अननस उभा केला होता. त्यात अननसाचा गर, घट्ट नारळाचं दूध, कोकमाचं आगळ, गुळाचा पाक आणि जायफळ. आगळामुळे दुधाला गुलाबी रंग आला होता. दिसायला ते फार सुरेख होतं, हे मी आजही म्हणेन.

"बाटली," बाबलमामा म्हणाला.

मी दोन्ही बाटल्या त्याच्यासमोर उघडल्या. त्याने काजूच्या बुचाचा वास घेतला आणि समाधानाने मान हलवली. दोन बोटांनी आपलं काम केलं. मी दोन्ही फेण्या मापाने अननसात ओतल्या, बर्फ घातला, लिंबाची वाटी वर तरंगत ठेवली, तिच्यात खडीसाखरेचे दोन खडे टाकले आणि त्यांच्याबरोबरचा तिसरा खडा. वर चमचाभर फेणी सोडली. आत आईची घंटा वाजायला लागली होती आणि कापराचा वास दारातून बाहेर येत होता.

काडी ओढली आणि वाटीला लावली.

ज्योत बोटभर उंच उठली. मी आधी मोठा श्वास घेतला आणि मग ज्योतीकडे पाहिलं. पिवळी, ठसठशीत पिवळी, आणि तिच्या टोकाशी काळ्या धुराची बारीक रेघ.

बाबलमामा पुढे वाकला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "उल्हासा," तो म्हणाला, "ही ज्योत..."

"हात जोड, बाबल," बाबा म्हणाले.

ते खुर्चीतून उठून खळ्यात आले होते. दोन्ही हात जोडलेले, डोळे मिटलेले. आणि तीस वर्षं देवळांची पटांगणं भरून टाकणारा तो आवाज उठला.

"बा देवा राखणदारा, महाराजा!"

देवाला असं गाऱ्हाणं घालणं सुरू झालं की आमच्याकडे समोरचा माणूस कोणीही असो, त्याला हात जोडून उभं राहावंच लागतं. तिथे ज्योत पारखत बसता येत नाही. बाबलमामा चटकन सरळ झाला, हात जोडले, डोळे मिटले.

"व्हय महाराजा," तो म्हणाला.

"आज ह्या लेकरान परमुलखातसून इद्या आणून आपल्या खळ्यात ज्योत लावलीसा, ती मानून घे, महाराजा!"

"व्हय महाराजा."

"तो पाण्यार फिरता. तेका पाण्यार सांबाळ, जमनीर सांबाळ, वाटेक खंयची वाकडी नदर लागली आसात तर ती दूर कर, रे महाराजा!"

"व्हय महाराजा."

"ह्या माज्या मेवण्याच्या बागेक बोंड धरूंदे, तेच्या भट्टीक बरकत येवंदे, महाराजा!"

"व्हय महाराजा," बाबलमामा मनापासून म्हणाला.

मी एक डोळा किलकिला ठेवून वाटीकडे पाहत होतो. कापूर अजून अर्धा होता.

"आणि जी बाई," बाबांचा आवाज खाली आला, "जी बाई चाळीस वरसां ह्या घराचो दिवो लावता, कोण असो नसो, तिच्या ढोपरांक बळ दी. तिका काय दुखला खुपला तर ता माका कळूंदे. महाराजा."

बाबलमामा "व्हय महाराजा" म्हणायला विसरला. आतली घंटा थांबली होती. मीच म्हटलं, व्हय महाराजा.

ज्योत एकदा फडफडली आणि गेली. मी वाटी चिमटीत उचलून कुंपणापलीकडे भिरकावली. बाबांनी डोळे उघडले, पेयाचे चार थेंब राखणदाराला म्हणून जमिनीवर सोडले आणि मला ओतायची खूण केली.

पैज होती, म्हणून बाबलमामाने आज चहाचा नियम मोडला आणि पहिला घोट तोंडात घोळवला. दुसरा घेतला. "गोड आसा," तो विचारात पडून म्हणाला. "बरो लागता. पण फेणी खंय लागता?"

"तुका लागणा नाय? माका बघ." बाबांनी एका दमात अर्धा पेला संपवला होता. ते खुर्चीकडे जाताना जरासे झोकांडले, खुर्चीचा हात धरला आणि बसले. "बाबल्या, भट्टीर काय घालतंस काय तू? अंगात वीज गेली माज्या. गुळाच्या पाकान चव लपता, पण आतमदी आसा ती." मग त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली. "द्वारके! भायर ये."

भावासमोर नवऱ्याने नावाने हाक मारली म्हणून आई दारातच अडखळली. मग आली. बाबांनी आपला पेला तिच्यापुढे धरला. तिने पदराने तोंड झाकून एक घोट घेतला, आणि माझ्या या माऊलीने असं तोंड वेडंवाकडं केलं, की मीही क्षणभर फसलो.

"गे बाई," ती म्हणाली. "कसली जळजळता."

बाबलमामाचा चेहरा उजळला. "माजी फेणी ती," तो म्हणाला आणि त्याने पेला पुढे केला. तिसऱ्या पेल्यानंतर तोही थोडा झोकांडला. नुसत्या अननसाने एवढी चढल्याचं माझ्या धंद्यातलं ते एकच उदाहरण.

तो गेल्यावर आई आत पान वाढायला लागली. मी खळ्यातलं सामान आवरत होतो. बाबा येऊन शेजारी उभे राहिले. पाय अगदी सरळ होते.

"कापराची वडी जरा मोटी घातलंस," ते म्हणाले.

मी हातातला चमचा टेबलावर ठेवला.

"बाबा, तुमका...?"

"चाळीस वरसां फेणी पितंय मी. पैल्या दिवशी, पैल्याच घोटाक कळला." त्यांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं. "बरी माणूस आसा ती. पण फेणीतलां तिका काय कळणा नाय. एकदा निसता पाणीच दिल्यान. वासाक घालूक इसारली."

"मगे बोललात कित्याक नाय?"

"बोललो आसतंय तर गिलास बंद झालो आसतो."

"पण गिलासात पाणीच होतां, बाबा."

"पाणी होतां," ते म्हणाले. "पण गिलास होतो."

मला समजलं नाही हे त्यांना दिसलं. ते टेबलाच्या कडेला टेकले. माझ्याशी एवढं सलग ते आधी कधी बोलले नव्हते, आणि नंतरही बोलले नाहीत.

"तीस वरसां मी बायलेचां काम केलंय. लुगडां नेसलंय, तोंडाक रंग लावलंय, की माका रडाक येय, रागवाक येय, घोवाच्या पायार डोक्यां ठेवून काय वाट्टेल ता बोलाक येय. रंग पुसलंय की संपला. तुज्या आवशीक 'जेवलंस काय' म्हणान इचारूक जीभ उठणा नाय. सोंग घेतल्याबिगर बोलाक माका शिकवल्यानीच नाय कोणी. आता ह्या वयात लुगडां नेसून पडयेत बसू? म्हणान तो गिलास."

आतून ताटं मांडल्याचा आवाज येत होता.

"तिका सांगा नको," बाबा म्हणाले. "पाणी पिऊनय माका चढता असां तिका वाटता, म्हणान चलता. शुद्धीत बोलतंय म्हणान तिका कळला, तर मी परत त्या खुर्चेत बसूचंय नाय. माका शब्द दी."

मी शब्द दिला. दुपारी आईला दिला होता, संध्याकाळी बाबांना दिला. एकाच घरातल्या दोन माणसांची एकच चोरी मी पोटात ठेवली आणि फेब्रुवारीत जहाजावर निघून गेलो. पुढच्या सुट्ट्यांतही ती खुर्ची, तो ग्लास आणि ते सूप पडवीत असायचं. बाबा बोलायचे, आई तांदूळ निवडत ऐकायची. मला दोघांचंही फार कौतुक वाटायचं, आणि आपण दोघांनाही राखलं याचा थोडा अभिमानही.

त्यानंतर सहा वर्षांनी बाबा गेले. पोटाने नाही, हृदयाने. सकाळी चहा घेता घेता. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. येणारीजाणारी रडत होती, आई मात्र सगळ्यांना पाणी दे, चहा दे करत वावरत होती. बारा दिवस तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. बायका आपसांत कुजबुजायला लागल्या होत्या.

तेरावं आटोपून माणसं पांगली. दुपारी आम्ही दोघंच पडवीत बसलो होतो.

"एक इचारू?" आई म्हणाली. "खरां सांग."

"इचार."

"त्येंका म्हायत होतां काय रे? पाण्याचां?"

मी बाबांना शब्द दिला होता. पण ज्या खुर्चीसाठी तो मागितला होता ती आता रिकामी होती, आणि समोर बसलेल्या बाईला अजून बरीच वर्षं काढायची होती. मला वाटलं, आता हे तिचं आहे.

"म्हायत होतां," मी म्हटलं. "पैल्या दिवसापासून."

आईने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. म्हणाली, "म्हणजे आवशीची गजाल केल्यानी ती..."

"शुद्धीत."

"आणि माका द्वारके म्हणत ता?"

"तांय शुद्धीत, आये. सगळां."

ती सुखावेल, एवढाच माझा हिशोब होता. तिने पदर तोंडात धरला आणि बारा दिवसांचं साचलेलं ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. मग तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"माका आदीच सांगूक होया होतां रे," ती म्हणाली. "पियेल्या माणसाक काय जबाब देवचो, म्हणान मी इतकी वरसां गप ऱ्हवलंय."